थांबलेल्यांचा रकाना

जुनी पाटी या महिन्याअखेर बंद होणार, असं साहेबांनी चहाच्या वेळी सांगितलं, आणि फिटरकाकांचा कप तोंडापर्यंत जाता जाता अर्ध्यातच राहिला.

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद. ती कंपनीच गाशा गुंडाळतेय. आपण नव्या पाटीवर जायचं. झकास आहे नवी पाटी, सगळं आपोआप होतं."

"आणि जुनीवर जे आहे ते?"

"ते आपली पाटीवाली नेईल उचलून. काय गं, नेशील ना?"

पाटीवालीनं मान हलवली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. "बघू," म्हणाली. तिच्या शेजारी बसलेल्या ड्रॉइंगवालीनं तिच्याकडे पाहिलं आणि नजर पुन्हा बशीत नेली.

पाटी म्हणजे भिंतीवरची नव्हे, संगणकावरची. फोनमध्येही दिसायची. हे ऑफिस इमारतींना लिफ्ट बसवून द्यायचं. एक इमारत म्हणजे एक कार्ड. आधी जागेचं माप, मग ड्रॉइंग, मग सामान, मग बसवणी, मग लिफ्टच्या पाळण्यात वजनं ठेवून चाचणी. कामाचा पाय पुढे पडला की कार्ड बोटानं ओढून पुढच्या रकान्यात न्यायचं. करायचं, चालू, झालं. आणि सगळ्यांच्या पलीकडे, उजव्या कडेला, करड्या रंगाचा चौथा रकाना होता: थांबलेलं. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी झिरपतंय? थांबलेलं. विजेची जोडणी नाही? थांबलेलं. ही कार्डं जागच्या जागी ठेवायची, कुणी हलवायला विसरलं तर त्याच्या मागे लागायचं, हे तिचं काम. दिवसभर तिचं एकच पालुपद असायचं, "कार्ड हलवा हो, कार्ड हलवा." त्यावरूनच तिचं नाव पडलं पाटीवाली.

त्या करड्या रकान्याची गंमत मात्र तिनं सुरू केली नव्हती. ती सुरू झाली काकांच्या नळावरून.

काकांच्या स्वयंपाकघरातला नळ गळायचा. काकू ऑफिसात फोन करकरून सांगायच्या, "जगाच्या लिफ्टा वर चढवतात, घरचा नळ तेवढा यांच्या हातून होत नाही!" एकदा फोन स्पीकरवर होता. सगळं ऑफिस खो खो हसलं, आणि ड्रॉइंगवालीनं तिथल्या तिथे कार्ड केलं, 'काकांच्या घरचा नळ गळणं', आणि टाकलं थांबलेलंमध्ये. "काका, हे काम काही तुमच्याकडून पुढे सरकणार नाही. इथेच शोभतं ते."

दुसऱ्या दिवशी काका आले ते थेट ड्रॉइंगवालीच्या टेबलाशी.

"थांबला," म्हणाले.

"केलात वाटतं एकदाचा!"

"हातसुद्धा लावला नाही. थेंब आहे, नळाच्या तोंडाशी आहे, टपोरा भरलेला आहे. पण पडत नाही. हिनं खाली बोट धरलं, बोट ओलं झालं, बोट काढलं तर थेंब परत तिथेच. आख्खी संध्याकाळ आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो."

हसले सगळे. मग हळूहळू एकेकानं करून पाहिलं. कुणाचा शेजाऱ्याशी चाललेला वाद, कुणाच्या भिंतीची चीर, कुणाची दाढदुखी. गंमत म्हणून टाकायचं, आणि जे टाकलं ते थांबायचं. भिंतीची चीर थांबली, आणि तिच्या टोकाशी निघालेला पापुद्रा निघता निघता हवेत तसाच राहिला, पडला नाही आणि चिकटलाही नाही. पुढे पुढे त्या रकान्याविषयी कुणी हसेनासं झालं. पण काढून टाका, असंही कुणी म्हणालं नाही.

त्या रकान्यात अगदी खाली एक कार्ड पाटीवालीचं होतं. त्यावर दोनच शब्द होते. 'ह्यांचं जाणं.'

*

तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. हात असा हलका, की भिंग घासून झालं की ते हवेत धरून तो त्यातून तिच्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "आता दिसलीस." दुसऱ्या गावी त्याच्या जुन्या उस्तादांचं दुकान होतं. ते थकले, त्यांनी याला बोलावलं, ये आणि चालव. यानं तिला विचारलं, जाऊ या का? ती म्हणाली, बघू. पुन्हा विचारलं, पुन्हा बघू. जेवताना बघू, कपडे वाळत घालताना बघू, फोनवर कार्ड हलवता हलवता बघू.

मग एका सकाळी तो दाराशी, बूट घालायच्या स्टुलावर बसला. शेजारी बॅग. एका बुटाची नाडी बांधून झालेली, दुसऱ्या बुटाची हातात. निघताना माणूस 'येतो' म्हणतो. तो म्हणाला, "जातो मी."

ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. हातात फोन होता, तो काय नेहमीच असायचा. बोटांनी आपापलं काम केलं. कार्ड केलं, दोन शब्द लिहिले, करड्या रकान्यात सोडलं.

नाडीवरचे त्याचे हात थांबले.

तो राहिला. पण राहिला म्हणजे घरात आला असं नाही. दिवसा दुकानात जायचा, संध्याकाळी परत यायचा आणि त्याच स्टुलावर बसायचा, एक नाडी सुटी. सदरा बॅगेतून काढायचा, धुऊन वाळला की घडी घालून परत बॅगेत. ताट स्टुलावरच मांडीवर घ्यायचा. झोपायचा तो पलंगाच्या कडेला, पायात मोजे ठेवून. आणि बोलायचा ते फक्त दारातलं बोलणं. निघणारा माणूस जे बोलतो, तेवढंच.

"गॅस बघितलास ना?"

"किल्ली खिळ्याला लावलीय."

"जप हं."

रोज. त्याच आवाजात, त्याच मायेनं. शेजारची बाई म्हणायची, "तुमच्या घरातून कधी भांडणाचा आवाज म्हणून नाही. दृष्ट काढा गं एकदा." पाटीवाली हसायची. पहिले काही महिने तिला वाटायचं, आहे ना डोळ्यांसमोर, मग झालं तर. मग एकदा तिनं मुद्दाम भाजीत मीठ घातलंच नाही. रागावू दे, ताट सरकवू दे, काहीतरी बोलू दे. त्यानं घास खाल्ला, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "जप हं."

त्या रात्रीपासून तिला दाराकडे पाठ करून बसवेना.

*

साहेबांनी नव्या पाटीचं सांगितलं त्याच दिवशी ड्रॉइंगवाली तिला सामानाच्या खोलीत घेऊन गेली. तिथे जुन्या लिफ्टांची बटणं खोक्यांत भरलेली होती, सगळे मजले एकमेकांत मिसळलेले.

"माझ्या पोरीचं कार्ड बघितलंयस ना तू?"

बघितलं होतं. 'पोरीचं मोठं होणं.' निळा फ्रॉक घेतला होता, महागाचा. पोरीला इतका आवडला की ती झोपतानाही काढेना. "काकांचा नळ ऐकतो, मग माझी पोर का नाही ऐकणार? वर्षभर तरी पुरू दे बाई हा फ्रॉक," असं म्हणून आईनं हसत हसत कार्ड टाकलं होतं.

"अजून होतो तिला तो," ड्रॉइंगवाली म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक नव्हतं. "तोच फ्रॉक. शिवणसुद्धा उसवली नाही. वर्गातल्या पोरी ताडासारख्या वाढल्यात, ही पहिल्या बाकावर. डॉक्टर म्हणतात, काही मुलं उशिरा उंच होतात. मी म्हटलं असेल. पण दात गं? तेव्हा पुढचा दात हलत होता तिचा. अजून हलतोय. हलणारा दात असा किती दिवस हलतो?"

"मग कार्ड ओढून घे ना बाहेर."

"लिफ्टची कार्डं येतात बाहेर. हे बघ."

तिनं फोन काढला. करड्या रकान्यातलं कार्ड बोटानं धरलं, चालूमध्ये आणलं, दाबून ठेवलं. बोट उचललं. कार्ड क्षणभर जागेवर राहिलं. मग सरकत सरकत, घाई न करता, ओळखीचं जनावर संध्याकाळी गोठ्यात परतावं तसं, करड्या रकान्यात जाऊन बसलं.

दोघी बघत राहिल्या.

"नव्या पाटीवर हा रकानाच नाही म्हणे," ड्रॉइंगवाली म्हणाली. "तू नेताना सगळं चालूमध्ये ने. बाकी काही मागत नाही मी तुझ्याकडे."

पाटीवालीच्या डोळ्यांसमोर स्टूल आलं. सुटी नाडी आली. ज्या बोटानं पोर सुटणार, त्याच बोटानं तोही सुटणार.

"बघू," ती म्हणाली.

"बघू म्हणू नकोस गं." ड्रॉइंगवालीनं तिचं मनगट धरलं. "तू बघू म्हणालीस ना, की ते तसंच राहतं. तुझं कार्ड कुठलं ते ठाऊक आहे मला. कधी विचारलं नाही. आजही विचारत नाही. पण पोर आहे गं ती."

*

नव्या पाटीची शिकवणी फोनवरून होती. शिकवणारीचा आवाज गोड, जरा जास्तच गोड. नवी पाटी पडद्यावर लखलखत होती. करायचं, चालू, झालं. कडेला काही नाही.

"आणि थांबलेलं कुठे जातं?" पाटीवालीनं विचारलं.

"थांबलेलं असं काही नसतंच मॅडम आमच्याकडे."

"पण खड्ड्यात पाणी आहे म्हणून काम अडलंय, ते?"

"ते चालूच असतं की, मॅडम. फक्त सावकाश."

पाटीवालीला हसू यायला हवं होतं. आलं नाही. "रकाना आपण नवा करू शकतो का? चौथा?"

"तीनच असतात, मॅडम. तीनच पुरतात."

"एकेक कार्ड वेगळं नेता येईल? काही चालूमध्ये, काही..."

"नाही. रकाना येतो तो अख्खा येतो. तुम्ही फक्त सांगायचं, तो कुठे घालायचा. किंवा मग खाली लिहिलंय ते दाबायचं. 'आणू नका.'"

"ते दाबलं तर?"

"मग तो रकाना जुन्या पाटीवरच राहतो."

"पण जुनी पाटी तर बंद होणार."

"हो. दिवा मालवलेल्या खोलीत वस्तू असतात ना मॅडम, तसं. असतात. पण मग त्या कुणाला हलवता येत नाहीत. कधीच नाही. अजून काही शंका?"

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तो स्टुलावर होता. दारातून उन्हाची शेवटची पट्टी त्याच्या गुडघ्यावर पडली होती. ती त्याच्यापुढे जमिनीवर बसली.

"अहो. बॅग आत ठेवू का?"

"गॅस बघितलास ना?"

"मी काहीतरी विचारतेय तुम्हाला."

"किल्ली खिळ्याला लावलीय."

तिनं खिळ्याकडे पाहिलं. खिळा रिकामा होता. तो दीड वर्ष किल्ली लावलीय म्हणत होता आणि किल्ली त्याच्याच खिशात होती. तिनं त्याच्या बुटाची सुटी नाडी हातात घेतली. जाणार तर जाणार, निदान आपल्या हातानं बांधून द्यावी. फास घातला, ओढला, गाठ बसली. हात काढला, तर नाडी सुटी. पुन्हा बांधली, पुन्हा सुटी. तिसऱ्यांदा बांधताना तिनं वर पाहिलं.

लिफ्ट कधी कधी दोन मजल्यांच्या मध्ये अडकते. काकांबरोबर ती दोन-तीनदा गेली होती, दार फाकवून आतल्या माणसाला काढायला. फट पडली की आधी आतल्याचे डोळे दिसतात. ओरडून ओरडून दमलेले, आता नुसतेच वाट पाहणारे. नवऱ्याच्या डोळ्यांत ते होतं. तोंड म्हणत होतं जप हं, आणि डोळे फटीतून बघत होते.

तिच्या मनात आलं, हा माझ्याजवळ नाहीये. हा फक्त अजून गेलेला नाहीये, एवढंच.

*

पाटी हलवायची त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. ड्रॉइंगवाली पोरीला घेऊन आली. पाटीवालीच्या शेजारच्या खुर्चीवर तिला नुसती बसवून गेली. पोरीचे पाय जमिनीला टेकत नव्हते. निळा फ्रॉक. जिभेनं ती पुढचा दात हलवत होती, मागे-पुढे, मागे-पुढे. ते बघवत नव्हतं.

"मावशी, तू काय करतेस?"

"सामान हलवतेय गं. एका घरातलं दुसऱ्या घरात."

"आणि घरातली माणसं?"

"ती पण."

पोरीनं विचार केला. मग पाय हलवत ती गुणगुणायला लागली. आई तिला आंघोळ घालताना म्हणायची ते.

"वाढ वाढ गं वेली, भिंतीच्या कडेकडे,
उंच होऊन सांग मला, काय आहे पलीकडे."

एकच कडवं. संपलं की पुन्हा तेच.

पडद्यावर प्रश्न उभा होता. 'थांबलेलं' हा रकाना कुठे न्यायचा? खाली चार ओळी. करायचं. चालू. झालं. आणू नका.

पाटीवालीचं बोट 'आणू नका'वर गेलं. दाबलं नाही. नुसतं गेलं. दिवा मालवलेल्या खोलीत तो असेल. रोज संध्याकाळी असेल. शेजारीण दृष्ट काढा म्हणेल. आणि या ऑफिसात, या खुर्चीवर, निळ्या फ्रॉकमध्ये एक बाई बसेल कधीतरी, केस पिकलेली, आणि तिचे पाय जमिनीला टेकणार नाहीत.

"मावशी, पुढचं येत नाही मला," पोर म्हणाली. "आई म्हणते, पुढचं मोठी झालीस की शिकवीन."

पाटीवालीनं 'चालू' दाबलं.

पडद्यावर एक निळी पट्टी भरू लागली. भरत भरत जवळजवळ शेवटाला आली आणि तिथे राहिली. ऑफिसातला पंखा, काकांची पकड घासण्याची करकर, सगळं ऐकू येत होतं आणि दूर होतं. मग पट्टी भरली.

"ई!" पोर ओरडली. तिनं तळहात पुढे केला. त्यावर तांदळाच्या दाण्याएवढा दात, मुळाशी जरासं रक्त.

ड्रॉइंगवाली धावत आली आणि पोरीपुढे जमिनीवर बसली. पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरून ती त्या रिकाम्या फटीकडे बघत राहिली, जशी काही तिथून पलीकडचं सगळं दिसत होतं.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. फोन स्पीकरवर नव्हता, पण गरजच पडली नाही.

"नळ सुटलाय! टपटप टपटप चाललंय, बादली लावलीय! आज घरी याल आणि तो नीट कराल, नाहीतर मी माहेरी निघाले!"

"आलो, आलो," काका म्हणाले. बोलता बोलता त्यांनी डोळे पुसले आणि तसेच हसायला लागले. "देवा रे, गळतोय. गळतोय बघा नळ माझा!"

सगळे हसत होते. पाटीवालीनं पर्स उचलली. साहेब काचेच्या पलीकडून अंगठा वर करून दाखवत होते, झकास, झकास. ती खाली उतरली आणि चालू लागली. मग पळू लागली.

*

तिची इमारत जुनी, लिफ्ट मात्र तिच्याच ऑफिसनं बसवलेली. तरी तो कायम जिन्यानं जायचा-यायचा. "लिफ्टवालीचा नवरा आणि जिना झिजवतो," असं ती पूर्वी चिडवायची. ती लिफ्टनं वर आली. दार सताड उघडं होतं. स्टूल रिकामं. बॅग नाही.

आणि जिन्यावर पावलं वाजत होती. उतरणारी. दोन्ही बूट घट्ट बांधलेली पावलं.

आत्ताच निघाला तर, तिला वाटलं. तिनं कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. एक मजला खाली, कठड्यावर त्याचा हात सरकताना दिसला. ती धावली. मजला उतरली. हात आणखी एक मजला खाली. जिन्याच्या वळणावर कोरफडीची कुंडी, शेजारी कुणा पोराची तीनचाकी आडवी पडलेली. आणखी एक मजला. वळणावर कोरफडीची कुंडी. तीनचाकी आडवी. खिडकीत तोच मावळता उजेड, कमी न होणारा.

ती उतरत राहिली. कुंडी, तीनचाकी, खिडकी. कुंडी, तीनचाकी, खिडकी. तिच्या इमारतीला इतके मजले नव्हते. कुठल्याच इमारतीला नव्हते.

मग तिला कळलं. त्याचं जाणं तिनं चालूमध्ये ठेवलं होतं. ते चालू राहणार. आज, उद्या, नवी पाटी आहे तोवर. रोज दार उघडलं की ही पावलं उतरत असणार आणि तळाशी कधीच पोचणार नाहीत.

थांबा, हा शब्द ओठांवर आला. तिनं तो गिळला.

"अहो," ती म्हणाली, "मी पण उतरतेय. जरा सावकाश."

पावलं थांबली नाहीत, पण सावकाश झाली. पुढच्या वळणावर ती त्याच्या बरोबरीला आली. दोघं शेजारी शेजारी उतरू लागले. त्याच्या हातात बॅग होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि कितीतरी दिवसांनी ते डोळे फटीतून बघत नव्हते.

"जिना एवढा लांब होता का गं?"

दारातलं नव्हतं हे बोलणं. तिला रडू फुटलं.

"नव्हता."

"मी खूप वेळ बसलो होतो का तिथे?"

"हो. खूप."

कुंडी. तीनचाकी. खिडकी.

"मी तुला विचारलं होतं," तो म्हणाला. रागानं नाही. भिंगावरची रेघ दाखवावी तसं. "तू बघू म्हणालीस. मी म्हटलं, विचार करतेय. मग कळलं, विचार नाही करत. विचार केला की उत्तर येईल, म्हणून करत नाही."

"उत्तर होतं माझ्याकडे."

"मग?"

कठडा हाताला गार लागत होता.

"नाही," ती म्हणाली. "मला यायचं नव्हतं. मला ते ऑफिस आवडतं. काकांचे विनोद, ड्रॉइंगवालीची बडबड, हे घर, हे सगळं आवडतं. आणि तुम्हीही आवडता. म्हणून नाही म्हणवेना. नाही म्हटलं तर तुम्ही जाल, आणि हो म्हटलं तर मी जाईन, माझ्यातून."

तो ऐकत होता. पावलं वाजत होती.

"एवढंच हवं होतं मला," तो म्हणाला. "नाही तर नाही. पण तुझ्या तोंडून."

"आता कसं वाटतंय?"

"वाईट वाटतंय," तो म्हणाला आणि हसला. "चांगलं आहे हे. वाटतंय तरी."

तीही हसली, नाक ओढत. असे ते आणखी कितीतरी मजले उतरले, मोजले कुणी नाहीत. बोलले. भाजीत मीठ नव्हतं त्या दिवशी, हे त्याला कळलं होतं. उस्तादांच्या दुकानाला मोठी खिडकी आहे, काम करायला उजेड चांगला. तिची शेजारीण मूर्ख आहे. ड्रॉइंगवालीच्या पोरीचा दात पडला. हे सगळं, जे स्टूल आणि स्वयंपाकघर यांच्यातल्या चार पावलांत दीड वर्ष मावलं नव्हतं, ते जिन्यावर मावलं.

मग त्याचं पाऊल जड पडायला लागलं. बॅगेचा हात त्यानं बदलला. पुन्हा बदलला.

"दमलो गं," तो म्हणाला.

तिनं पर्समधून फोन काढला. चालत चालतच. नवी पाटी लखलखत उघडली. चालूच्या रकान्यात अगदी खाली दोन शब्द. त्याच्या वर, 'पोरीचं मोठं होणं'. तिनं खालचं कार्ड बोटानं धरलं आणि झालंमध्ये नेलं. फोननं विचारलं, नक्की?

हो, तिनं दाबलं.

पडद्यावर रंगीबेरंगी कागदाचे कपटे बरसले. नव्या पाटीची ही खोडच होती, काम संपलं की उत्सव. 'अभिनंदन!' अशी अक्षरं नाचली. दोघांनी ती पाहिली आणि दोघांनाही, इलाज नाही म्हणून, हसू आलं.

पुढची पायरी शेवटची होती. समोर इमारतीचं दार, दारापलीकडे रस्ता, आणि खरोखर मावळत चाललेला उजेड.

"येतो गं," तो म्हणाला.

तो येणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. पण निरोपाला तोच शब्द बरा दिसतो.

"या," ती म्हणाली.

तो गेला. वळणाशी त्यानं मागे वळून पाहिलं, हात वर करून, डोळ्यांपुढे भिंग धरल्यासारखा. मग वळण रिकामं झालं.

ती जिन्यानंच वर आली. कुंडी एकदाच लागली, तीनचाकी एकदाच लागली. तिनं ती उचलून भिंतीशी सरळ उभी करून ठेवली. घराच्या दारात पोचली तेव्हा फोन थरथरला. ड्रॉइंगवालीनं फोटो पाठवला होता, दात नसलेलं हसू, कान ते कान. खाली लिहिलं होतं, "फ्रॉक काखेत घट्ट लागतोय म्हणते! आणि ऐक, पोरीचं कार्ड चालूमध्येच राहू दे हं. ते कधीच पुढे ढकलू नकोस."

ती आत आली. स्टुलावर बसली, आपल्या चपला काढल्या, वर पाहिलं.

खिळ्याला किल्ली होती. हलत होती, नुकतीच कुणी लावून गेल्यासारखी. ती बघत राहिली. किल्ली हलत हलत कमी झाली, आणखी कमी झाली, आणि मग आपली आपण थांबली.